हरणाला टाळ्या, पाकटाला शी

मेबल थळकरला किळस फार लवकर यायची, हे तिच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातून ती पाणी प्यायची नाही. बसमधल्या दांड्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय हात लावायची नाही. कुणी जेवताना मचमच आवाज केला, की आपलं ताट उचलून बाल्कनीत जाऊन बसायची. तिचा नवरा अबाजी एलातच्या बंदरात फॉस्फेट चढवायच्या कामावर होता. तो धुळीनं माखून घरी आला, की मेबल त्याला जिन्यातच थांबवून अंगावर बादलीभर पाणी ओतायची आणि मगच दार उघडायची. तोही बिचारा हसत हसत भिजून घ्यायचा.

एकोणसत्तर साली दोघं मुंबई सोडून इस्राएलला आले होते. पहिली काही वर्षं किर्यात गातच्या कापड कारखान्यात काढली, मग बंदरात नोकरी लागली म्हणून एलात. आखाती युद्धाच्या वर्षी अबाजी हार्ट अटॅकनं गेला. मुलगी इनबार लग्न होऊन अरादला राहायची. मेबल एकटी उरली, आणि किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला लागली. लोकांच्या चादरींवरचे डाग पाहून तिला रोज ढवळायचं. ती चिमट्यानं चादर उचलायची, तोंड फिरवून मशीनमध्ये टाकायची. बाकीच्या बायका तिची नक्कल करायच्या. ती लक्ष द्यायची नाही.

शहाण्णव सालच्या अखेरीस तिची कंबर धरली. डॉक्टरनं वजन उचलायला बंदी केली. आता घरी बसवतात की काय, या धास्तीत ती असताना मॅनेजर योरामनं तिला बोलावून घेतलं. हॉटेलच्या तलावापलीकडे त्यानं पाहुण्यांच्या मुलांसाठी प्राण्यांचा कोपरा काढायचं ठरवलं होतं. प्राणी दोनच ठेवायचे होते, एक वाळवंटातला आणि एक समुद्रातला. त्यांना खायला घालायचं, जागा झाडायची, काम हलकं. योराम तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण हिब्रूत अहोजाहो नसतंच, त्यामुळे तो तिला तूच म्हणायचा. "तू आजी आहेस," तो म्हणाला, "तुला जमेल."

वाळवंटातला प्राणी म्हणजे अरावा खोऱ्यातलं छोटं हरण. आपल्याकडच्या चिंकाऱ्याचं भावंडच म्हणावं असं. वाळूच्या रंगाचं, पोटाशी पांढरं, कमरेपर्यंतही न येणारं, मागे झुकलेल्या वळ्यावळ्यांच्या शिंगांचं. त्याची आई ट्रकखाली गेली होती. कुणीतरी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि मग योरामला देऊन टाकलं होतं. अशी हरणं पाळायला सरकारी परवाना लागतो. तो योरामकडे होता की नाही, हे मेबलनं विचारलं नाही. पाहुण्यांनी त्याचं नाव ठेवलं मोतेक, म्हणजे सोन्या.

समुद्रातलं होतं ते पाकट. एका पाणबुड्यानं आणून विकलेलं. थाळीसारखं चपटं, मातकट पिवळं, अंगभर निळे निळे ठिपके. शेपटीचा विषारी काटा आधीच कापून टाकलेला. त्याला गुडघाभर पाण्याच्या उघड्या हौदात सोडलं होतं. त्याचं नाव कुणी ठेवलं नाही.

मेबलनं पाकट पाहिलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. थळच्या किनाऱ्यावर लहानपणी तिनं पाकटं पाहिली होती. कोळी जाळं झाडायचे तेव्हा वाळूवर पडलेली, बुळबुळीत, खालच्या अंगाला माणसासारखं तोंड असलेली. तिची आई ओरडायची, की त्याला हात लावू नको, त्याला खवलं नाही. ज्या माशाला खवलं नाही तो बेने इस्राएलच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात येत नाही, एवढं तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. हरणाचं तसं नव्हतं. खूर दुभंगलेले, रवंथ करणारं. खुद्द तोरा या धर्मग्रंथात नाव घेऊन शुद्ध म्हटलेलं. पहिल्याच दिवशी तिनं मनाशी ठरवून टाकलं, की हरणाला जपायचं आणि पाकटाचं काम नाक दाबून उरकायचं.

पण उरकायचं म्हणजे कसं? पाकट कोळंबी खायचं. कोळंबीही निषिद्धच. हॉटेलच्या स्वयंपाकघरावर कश्रूतची, म्हणजे खाण्यापिण्याच्या धर्मनियमांची, देखरेख करणारे रब्बी कोळंबीची बादली आत येऊ देईनात. शेवटी जनरेटरच्या मागे एक जुना फ्रीज ठेवला गेला. रोज सकाळी मेबल रबरी हातमोजे घालून तिथं जायची, श्वास रोखून कोळंबी सोलायची आणि लांब चिमट्यानं हौदात सोडायची. घरी गेल्यावर लिंबानं हात घासायची, कातडी चुरचुरेपर्यंत. तरी वास नखांत बसलाय असं तिला वाटायचं. एलातच्या चारपाच बेने इस्राएल घरांत नवसाचा मलिदा नेहमी मेबलच्या हातचा असायचा. पोहे, गूळ, खोबरं हातानं कालवायची ती. त्या वर्षी तिनं कंबरदुखीचं निमित्त सांगितलं आणि ताट दुसरीकडे सरकवलं.

दोन महिन्यांत मोतेकनंही तिला वीट आणला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. पाहुणे त्याला क्रोसाँ भरवायचे, तळलेले बटाटे भरवायचे, कुणी आइस्क्रीमची कांडी चाटायला द्यायचे. एकदा तर एका माणसानं जळती सिगारेट त्याच्या ओठांत धरली आणि बायकोला फोटो काढायला सांगितलं. त्याचं पोट सतत बिघडलेलं. शेण पातळ, मागचे पाय बरबटलेले, डोळ्यांच्या कडांना माशा. मेबल दिवसातून कितीदा तरी पाइपनं ती जागा धुवायची. दुपारच्या उन्हात असा वास सुटायचा, की जेवणाचा डबा न उघडताच परत न्यायला लागायचा. आणि पाहुणे त्याच हरणाच्या तोंडाचे मुके घ्यायचे. बायका गालाला गाल लावायच्या.

पाकटाला मात्र वास नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. ते तळाशी वाळू अंगावर ओढून पडून राहायचं. डोळ्यांमागची दोन छिद्रं उघडझाप करायची. मेबलची सावली पाण्यावर पडली, की कडेला यायचं आणि अंगाच्या झालरी भिंतीवर वर चढवून थांबायचं. तिला त्याची माया वाटायला लागली असं म्हणता येणार नाही. ती अजूनही चिमटाच वापरायची. पण मुलं काठीनं त्याला ढोसायला लागली, की तिच्या पोटात जे ढवळून यायचं ते पाकटामुळे नव्हे.

उन्हाळ्यात योरामनं करमणुकीसाठी नदाव नावाच्या पोराला ठेवलं. नुकताच सैन्यातून सुटलेला, गोरागोमटा, माइक हातात आला की न थांबणारा. त्यानं संध्याकाळचा खेळ बसवला: वाळवंट विरुद्ध समुद्र. मोतेकला गळ्यात रिबीन बांधून हौदाच्या कठड्याशी आणायचं. मग नदाव विचारायचा, कोण जास्त जोरात पळतं? कुणाचे डोळे मोठे? कुणाचं तोंड तोंडाच्या जागी आहे? कुणाला मिठी माराल? हरणाचं नाव निघालं की टाळ्या, पाकटाचं निघालं की सगळ्या पोरांनी एका सुरात "इख्स" म्हणायचं. इख्स म्हणजे शी. मोठी माणसंही सामील व्हायची. बाप आपल्या चारपाच वर्षांच्या मुलांना खांद्यावर घेऊन शिकवायचे, नाक कसं मुरडायचं, जीभ कशी बाहेर काढायची.

मेबल तिथंच झाडू घेऊन उभी असायची. जन्मभर जिनं प्रत्येक गोष्टीला शी म्हटलं, तिला ते ऐकवेना. पहिल्या आठवड्यात तिनं योरामला सांगून पाहिलं, की आवाजानं हरण थरथरतं, आणि पाकट कोपऱ्यात जाऊन दोन दोन दिवस खात नाही. योरामनं तिच्या पाठीवर थाप मारली. मुलांना खेळ आवडतो, ती हे उगाच मनाला लावून घेते, असं तो म्हणाला. त्याच्या हाताला सनटॅनच्या तेलाचा वास होता. मेबलनं तो ब्लाऊज घरी गेल्या गेल्या धुवायला टाकला.

हॉटेलच्या फाटकावर येहेझकेल नावाचा पहारेकरी होता, मूळचा पेणचा, तिच्याच वयाचा. दुपारी दोघं त्याच्या टपरीत चहा प्यायची, आपापल्या पेल्यात. त्याचं म्हणणं, मेबलबायनं डोळे मिटून घ्यावेत आणि पेन्शनपर्यंत दिवस ढकलावेत. ती हो म्हणायची. दिवस ढकलणं तिला जमत होतंच. उन्हाळा सरता सरता तर पाकट चांगलं जाड दिसायला लागलं. कोळंबी मानवली, असं तिला वाटलं. ते नर की मादी, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या सुक्कोत सणाच्या सुट्टीत हॉटेल खच्चून भरलं. सुट्टीच्या मधल्या एका दुपारी योरामला फोटो हवा होता, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीसाठी. हरण आणि पाकट शेजारी शेजारी, एकाच चौकटीत, मागे मुलं. फोटोग्राफर म्हणाला, पाण्यात पाकट नीट दिसत नाही, चकाकी येते. योरामनं मेबलला सांगितलं, की ते परातीत घेऊन बाहेर काढ. एकच मिनिट.

तिनं नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, की ते पाण्याबाहेर जगत नाही. योराम म्हणाला, एका मिनिटानं कुणी मरत नाही. आजूबाजूला शंभरेक माणसं, ऊन, माइकवर नदाव, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. मेबलनं हातमोजे चढवले, ओला टॉवेल घेतला आणि पाकटाला उचलून परातीत ठेवलं. परात फरशीवर ठेवली. तिच्या हाताच्या अंतरावर मोतेक, नदावच्या मुठीत त्याची रिबीन.

एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. फोटोग्राफर मुलांना सरकायला सांगत होता. पाकटाच्या झालरी परातीच्या कडेवर फडफडल्या, पोट आखडलं, आणि शेपटीच्या मुळाशी काहीतरी गुंडाळलेलं घसरून फरशीवर पडलं. खायच्या पानाची सुरळी असावी तसं. मग ती सुरळी आपोआप उलगडली. हाताच्या पंजाएवढं पाकट होतं ते, पुरतं, निळ्या ठिपक्यांसकट. समुद्रातून आणलं तेव्हाच ती मादी गाभण असणार. त्यापाठोपाठ दुसरं आलं. मग तिसरं.

"इख्स," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी गर्दी एकदम ओरडली. एका बाईनं मुलाचे डोळे झाकले. नदाव क्षणभर गांगरला, मग माइक तोंडाशी नेऊन म्हणाला, "बघा, हे फुकट." लोक हसले. खरोखरच हसले, टाळ्या वाजवल्या. रबरी चपला घातलेला एक पोट सुटलेला माणूस पुढे आला आणि त्यानं चपलेच्या टोकानं एक पिल्लू मोरीच्या जाळीकडे ढकललं. ते तिथं अडकलं, तर त्यानं आणखी एकदा ढकललं, अगदी सहज, संत्र्याचं साल ढकलावं तसं.

टाळ्यांच्या आणि लाउडस्पीकरच्या त्या गदारोळात मोतेक बिथरलं. त्यानं हिसका देऊन उडी मारली, ओल्या फरशीवर खूर घसरले, आणि पुढचा पाय कठड्याच्या गजांमध्ये गेला. हाड मोडल्याचा आवाज मेबलनं ऐकला. आता गर्दी गप्प झाली. मग बायकांनी हंबरडा फोडला. बिचारं, सोन्या, कुणी डॉक्टर बोलवा. मघाशी मुलाचे डोळे झाकणारी बाई रडत गुडघ्यांवर बसली आणि हरणाचं डोकं मांडीवर घेतलं. बसताना तिचा गुडघा एका पिल्लावर पडला. तिला कळलंही नाही.

मेबलनं दोघांकडे पाहिलं. हरण आणि पाकट एकाच ओल्या फरशीवर पडलेली. दोघांचंही तोंड उघडं, दोघांच्याही कुशी वरखाली होत होत्या. त्यात एक शुद्ध आणि एक अशुद्ध, असं तिला त्या वेळी तरी काही दिसलं नाही. तिनं पाकटाला परातीसकट हौदात सोडलं. मग हातमोजे घसरायला लागले म्हणून काढून फेकले आणि उघड्या हातांनी एकेक पिल्लू उचललं. मोरीच्या जाळीवरचंही उचललं. तोपर्यंत आणखी दोन आली होती. जन्मात ज्या बुळबुळीचा स्पर्श तिनं टाळला, ती तिच्या कोपरापर्यंत आली. सगळी पाण्यात सोडून झाल्यावर ती कुंपणापाशी गेली आणि भडभडून ओकली. रबरी चपलेतून बाहेर आलेला तो अंगठा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

मोतेकला जनावरांच्या डॉक्टरनं त्याच संध्याकाळी इंजेक्शन देऊन मारलं. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाकट सकाळी हौदाच्या तळाशी उलटं पडलेलं सापडलं. दोन पिल्लंही गेली होती. तीन जिवंत होती, वाळूत अंग लपवून बसलेली.

पाहुण्यांपैकी कुणीतरी तक्रार केली. हरणाबद्दल, अर्थात. निसर्ग खात्याचा माणूस चौकशीला यायचा होता. त्याआधी योरामनं मेबलला ऑफिसात बसवलं, स्वतःच्या हातानं कॉफी करून दिली. त्याचं म्हणणं साधं होतं. हौद धुवायचा म्हणून मेबलनं पाकट बाहेर काढलं, तिला नियम माहीत नव्हते, वय झालंय. तिला कुणी काही करणार नाही. नोकरीही राहील.

मेबलनं कॉफीला हात लावला नाही. "पाकट मी काढलं," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून काढलं. मी दोन्ही सांगणार."

योराम बराच वेळ बोलत राहिला. हॉटेलनं तिला किती सांभाळून घेतलं, कंबर गेली तेव्हा दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं, वगैरे. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात कॉफीचा फेस साचला होता. मेबल त्या फेसाकडे बघत होती. तो आता जिभेनं पुसेल, आता पुसेल, या विचारानं तिला इतकं मळमळलं, की त्याचं बोलणं संपायच्या आत ती उठून बाहेर आली.

फाटकावर येहेझकेलनं तिला थांबवलं. त्याच्या कानावर सगळं आलं होतं. "मेबलबाय, कशाला तोंड उघडता?" तो म्हणाला. "पेन्शन जवळ आलीय तुमची. आपन साधी मानसं."

"येहेझकेलभाऊ, तोंड बंद ठेवलं तर मला उलटी येते," ती म्हणाली. "मी काय करू?"

निसर्ग खात्याच्या माणसाला मेबलनं जे घडलं ते सगळं सांगितलं. स्वतःनं काय केलं तेही. हॉटेलला दंड झाला, कोपरा बंद झाला. नदावला काढलं. योराम वर्षभरानं दुसऱ्या, आणखी मोठ्या हॉटेलात गेला. मेबलला कुणी काढलं नाही, फक्त तिला काम देणं बंद झालं. ती रोज यायची, पोशाख चढवून लाँड्रीच्या बाकावर बसायची, आणि कुणी तिच्याशी बोलायचं नाही. महिनाभरानं ती स्वतःच जायची थांबली.

त्या आधी तिनं एक काम केलं होतं. खात्याच्या माणसानं पिल्लं समुद्रात सोडायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण ती न्यायला कुणी फिरकलं नाही. येहेझकेलनं आपली जुनी सुबारू आणली. बादली मांडीवर धरून मेबल पुढे बसली. बंदराच्या पलीकडे, जिथं पाहुणे पोहायला येत नाहीत अशा खडकाळ जागी दोघं उतरली. येहेझकेल बादलीला हात लावायला तयार नव्हता. तो काठावर उभा राहून तोंड वाकडं करत होता. मेबलनं साडी खोचली, मांडीभर पाण्यात गेली आणि बादली हळूच कलती केली. तिन्ही पिल्लं तळाशी गेली, अंग थरथरवून वाळू उडवली आणि दिसेनाशी झाली. परतताना गाडीत येहेझकेलनं काच खाली घेतली. वास येतोय म्हणाला. मेबलला काही वास आला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला ती घर रिकामं करून अरादला इनबारकडे राहायला गेली. तिथं एका वृद्धाश्रमात तिला काम मिळालं. उचलायला पुरुष मदतनीस होते; तिनं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना पुसून काढायचं, भरवायचं, लंगोट बदलायचे. इनबारला ते ऐकूनच कसंतरी झालं. आई दोन दिवस टिकणार नाही, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. आठवडा झाला, महिना झाला. शेवटी एका शुक्रवारी पोळ्या लाटता लाटता तिनं हिब्रूतच विचारलं, की ईमा, तुला तिथं किळस नाही येत?

मेबलनं जरा विचार केला. "अंगाची नाय येत आता," ती मराठीत म्हणाली. इनबार पुढचं ऐकायला थांबली होती. मेबलनं लाटलेली पोळी उचलून तव्यावर टाकली.

त्या वृद्धाश्रमात एक तरुण आया होती. कामाला चटपटीत, सगळ्यांची लाडकी. जेवणघरात ती एका कंपवात झालेल्या म्हाताऱ्याची नक्कल करायची. चमचा तोंडाशी नेताना त्याचं सूप कसं सांडतं, ते करून दाखवायची. बाकीच्या बायका लोटपोट हसायच्या. मेबलनं ती नक्कल एकदाच पाहिली. दुसऱ्या दिवशी मुख्य नर्सकडे जाऊन तिनं सांगितलं, की या पोरीबरोबर मला पाळी नको. नर्सनं कारण विचारलं. मेबलला नीट सांगता आलं नाही. तिच्या शेजारी उभं राहवत नाही, एवढंच ती म्हणाली. नर्सला वाटलं, म्हातारी विक्षिप्त आहे. अंगाला वास येतो की काय त्या मुलीच्या? तिनं पाळी बदलून दिली.

तिथं मेबलनं पुढे सात वर्षं काम केलं. त्या कंपवाताच्या म्हाताऱ्याचं जेवण तिनं आपल्याकडे घेतलं होतं. त्याचं सूप तिच्या मनगटावरून ओघळून बाहीत जायचं. ती भरवणं थांबवायची नाही. त्याचं संपलं, की मग उठून बाही धुवायची.